पीयूसीचं फिजिक्स आणि कॅल्क्युलस : सुरुवात कुठून करायची

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि जूनमध्ये एकदम इंग्रजी माध्यमाचं पीयूसी सायन्स, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातली कितीतरी मुलं-मुली दरवर्षी ही वाट धरतात. भाषा बदलते, कॉलेजची वेळ बदलते, पहाटेची बस सुरू होते. या गडबडीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फिजिक्सच्या फळ्यावर डीएक्स बाय डीटी उमटतं आणि वर्ग गप्प होतो.

गणिताच्या तासाला तेव्हा सेट्स चालू असतात. एनसीईआरटीच्या अकरावीच्या गणितात लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह पुस्तकाच्या शेवटाकडे येतात, इंटिग्रेशन तर थेट बारावीत. फिजिक्सला मात्र हे दोन्ही गतीच्या धड्यापासूनच लागतं. म्हणजे जे गणित अजून शिकवलेलं नाही, त्याच्यावर फिजिक्स उभं असतं. गोंधळ उडतो तो दोन पुस्तकांचा क्रम जुळत नसल्यामुळे. तुमची बुद्धी कमी पडतेय असं पहिल्या महिन्यात वाटू देऊ नका.

मीही याच वाटेनं गेले. त्या पहिल्या महिन्यात डीव्ही बाय डीटी दिसलं तेव्हा मी ‘डी’ हे गुणाकारातलं अक्षर समजले, वरचा आणि खालचा डी खोडला आणि व्ही बाय टी लिहून मोकळी झाले. यात मोठा धोका होता. गाडी थांबलेल्या अवस्थेतून एकसारख्या त्वरणानं निघाली असेल, तर या चुकीच्या रीतीनंही त्वरणाचं उत्तर बरोबर येतं. त्यामुळे ती चूक दीड महिना माझ्या वहीत सुखानं नांदली. टेस्टमध्ये आधीपासून धावणारी गाडी आली तेव्हा सगळं कोसळलं, आणि कुठे चुकलं हे सांगायला कुणी नव्हतं. आता मी संध्याकाळी मुलांना शिकवते. कुणाच्याही वहीत खोडलेला डी दिसला की आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. त्या पायऱ्या इथे लिहिते आहे.

पहिली पायरी : धरणाची बातमी वाचा

पहिले दोन दिवस कुठलंही सूत्र नको. जुलै-ऑगस्टमधला पेपर घ्या. हिडकल असो, आलमट्टी असो, कोयना असो, पावसाळ्यात आपल्याकडच्या पेपरात धरणाची बातमी येतेच. त्यात तीन गोष्टी असतात : साठा इतके टीएमसी, आवक इतके क्युसेक, विसर्ग इतके क्युसेक.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणून १ क्युसेकची धार दिवसभर चालली तर ८६,४०० घनफूट पाणी जमतं. शंभर कोटीला ८६,४०० नं भागा, उत्तर येतं सुमारे ११,५७४. साडेअकरा हजार क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालला की १ टीएमसी भरतो. हा आकडा पाठ असू द्या, पावसाळाभर उपयोगी पडतो.

समजा आवक ३०,००० क्युसेक आहे आणि विसर्ग ७,०००. धरणात दर सेकंदाला २३,००० घनफूट पाण्याची भर पडते आहे. साठा किती वेगानं बदलतोय, या प्रश्नाचं हे उत्तर झालं. दिवसभर हाच प्रवाह राहिला तर उद्या साठा जवळपास २ टीएमसीनं वाढलेला दिसेल. एकूण किती जमलं, या प्रश्नाचं हे उत्तर. पहिल्या प्रश्नाला डेरिव्हेटिव्ह म्हणतात, दुसऱ्याला इंटिग्रल. कॅल्क्युलसमध्ये मूळ प्रश्न हे दोनच आहेत आणि नदीकाठच्या माणसाला ते शाळेत न जाताही पडतात.

आता याच बातमीत जरा खोल जाऊ, कारण फिजिक्समधली नेहमीची अर्धीअधिक गफलत इथेच सुटते. पाऊस ओसरला, आवक ३०,००० वरून १५,००० वर आली. धरण उतरायला लागलं का? नाही. विसर्ग ७,००० च आहे, म्हणजे साठा अजून वाढतोच आहे, फक्त आधीपेक्षा सावकाश. साठा वाढणं वेगळं आणि वाढीचा वेग कमी होणं वेगळं. गाडीला ब्रेक लावला तरी गाडी पुढेच जात असते, ती गोष्ट नेमकी हीच. अंतर वाढतंय, वेग घटतोय, त्वरण ऋण आहे, आणि या तिन्हींत काहीही विसंगत नाही.

मग साठा सर्वांत जास्त कधी? आवक आणि विसर्ग बरोबरीला येतात त्या क्षणी. त्याच्या आधी साठा वाढत होता, त्यानंतर कमी होणार. बदलाचा दर शून्य होतो तिथे शिखर असतं. ‘डेरिव्हेटिव्ह शून्य धरून कमाल किंमत काढा’ हे वाक्य तुम्हाला पुढे पन्नास वेळा भेटेल. दरवेळी हे धरण आठवा. तळाच्या जागीही दर शून्यच असतो, म्हणून शून्य मिळाल्यावर आधी चढ होता की उतार, एवढं तपासायचं.

दुसरी पायरी : वेळेचा तुकडा बारीक करत जा

खानापूरहून बेळगाव सुमारे २६ किलोमीटर. बसला चाळीस मिनिटं लागली तर सरासरी चाल ताशी ३९ किलोमीटर. पण देसूरच्या अलीकडे ड्रायव्हरसमोरचा काटा ६० वर असतो आणि थांब्यावर शून्यावर. सरासरी सगळ्या प्रवासाची असते, काटा ‘आत्ता’चं सांगतो. हा ‘आत्ता’ आकड्यात कसा पकडायचा?

गोकाकला जाऊ. धबधब्याची उंची साधारण ५२ मीटर. हवेचा अडथळा बाजूला ठेवला आणि गुरुत्वत्वरण हिशेबासाठी १० धरलं, तर कड्यावरून सुटलेला पाण्याचा थेंब टी सेकंदांत ५ गुणिले टीचा वर्ग इतके मीटर खाली येतो. २ सेकंदांनी तो २० मीटर खाली असेल. बरोबर त्या क्षणी त्याचा वेग किती?

वहीत स्वतः करा. २ ते ३ सेकंद : थेंब २० वरून ४५ मीटरवर गेला, सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर. २ ते २.१ सेकंद : २० वरून २२.०५, सरासरी २०.५. २ ते २.०१ : सरासरी २०.०५. २ ते २.००१ : सरासरी २०.००५. तुकडा जितका बारीक, उत्तर तितकं २० च्या जवळ. तुकडा कधीच शून्य झालेला नाही, शून्यानं आपण कुठे भागलेलंही नाही, तरी उत्तर कुठे निघालंय यात शंका राहत नाही. हे लिमिट. २ सेकंदांच्या क्षणी वेग सेकंदाला २० मीटर.

हा हिशेब कॅल्क्युलेटरवर एकदा तरी हातानं करा. मी मुलांना तो तीन वेगवेगळ्या क्षणांसाठी करायला लावते : १ सेकंद, २ सेकंद, ३ सेकंद. उत्तरं येतात १०, २०, ३०. मग ती आपणहून म्हणतात, वेग म्हणजे वेळेच्या दहापट. वर्गाचा डेरिव्हेटिव्ह दुप्पट टी, हा नियम त्यांना आता सांगावा लागत नाही. थेंब खाली पोचायला सुमारे ३.२ सेकंद घेतो आणि तेव्हा वेग सेकंदाला ३२ मीटर, म्हणजे ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास असतो. प्रत्यक्षात हवेमुळे पाणी फुटतं, त्याचे तुषार होतात, वेग याहून कमी भरतो.

‘तात्कालिक वेग’ हा शब्द कुणाला परका वाटू नये. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे. दिवसभराची सरासरी गती आणि त्या क्षणाची गती यात त्यांनी फरक केला. ग्रहणाची वेळ नेमकी काढायची तर त्या क्षणाची गतीच हवी, दिवसाच्या सरासरीवर भागत नाही. कॅल्क्युलसची पूर्ण पद्धत पुढे सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी उभी केली, पण शब्द आपल्या घरातला आहे.

तिसरी पायरी : चिन्ह तोंडानं वाचायला शिका

डी ही संख्या नाही, म्हणून ती खोडता येत नाही. डीएक्स म्हणजे एक्समधला अगदी बारीक बदल, दोन अक्षरांचं मिळून एकच नाव. ‘डीएक्स बाय डीटी’ दिसलं की मनात मराठीत म्हणायचं : वेळ जरासा पुढे सरकला की जागा किती सरकते, दर सेकंदाच्या हिशेबानं. इंटिग्रेशनचं चिन्ह म्हणजे लांब ओढलेला एस. लायब्निझनं १६७५ मध्ये बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर असं ताणून लिहिलं. ते दिसलं की म्हणायचं : बारीक तुकड्यांची बेरीज. परीक्षेत उत्तर इंग्रजीतच लिहायचंय, पण विचार आधी मराठीत नीट उभा राहिला की इंग्रजी वाक्य मागून येतं. उलट्या क्रमानं गेलेली मुलं वाक्य पाठ करतात आणि प्रश्न थोडा फिरवला की अडकतात.

एकक बोलायची सवय याच पायरीवर लावा. डेरिव्हेटिव्ह घेतला की एकक भागलं जातं : मीटर भागिले सेकंद. इंटिग्रेशन केलं की गुणलं जातं : क्युसेक गुणिले सेकंद बरोबर घनफूट. उत्तराचं एकक जुळलं नाही तर गणित पुढे नेऊच नका.

बेंचवर शेजारी कन्नड माध्यमातून आलेली मैत्रीण असेल तर तिला विचारा, अ‍ॅक्सिलरेशनला कन्नडमध्ये काय म्हणतात. ती सांगेल, वेगोत्कर्ष. वेगाचा उत्कर्ष! आपल्या ‘त्वरण’पेक्षा हा शब्द मला जास्त बोलका वाटतो, कारण त्वरण हा वेगाच्या बदलाचा दर आहे हे त्यातून सरळ कळतं. एवढंच ध्यानात ठेवायचं की वेग घटतो किंवा दिशा बदलते तेव्हाही त्याला वेगोत्कर्षच म्हणतात. कॅल्क्युलसला तर दोन्ही भाषांत कलनशास्त्रच म्हणतात. दोन भाषांतले शब्द शेजारी ठेवून बोलणं ही आपल्या भागातल्या मुलांची खरी श्रीमंती आहे. ती वर्गाबाहेर ठेवू नका.

चौथी पायरी : आलेखावर चढ आणि क्षेत्रफळ

वेळ आडवी, अंतर उभं असा आलेख काढला तर वेग म्हणजे रेषेचा चढ. वेळ आडवी, वेग उभा काढला तर रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. बसमध्ये पुढच्या सीटवर जागा मिळाली तर दर अर्ध्या मिनिटाला काट्याचा आकडा टिपा आणि घरी आलेख काढा. उभ्या पट्ट्या पाडून क्षेत्रफळांची बेरीज केली की अंतर मिळतं. किलोमीटरच्या दगडांशी ताडून बघा, फार चुकत नाही.

गतीची जी तीन सूत्रं दहावीच्या आगेमागे पाठ केलेली असतात, ती या चित्रातूनच निघतात. वेग एकसारखा वाढत असेल तर वेगाचा आलेख तिरकी सरळ रेषा. तिच्याखाली एक आयत आणि त्यावर एक त्रिकोण. आयताचं क्षेत्रफळ यू टी, यू म्हणजे सुरुवातीचा वेग. त्रिकोणाचं क्षेत्रफळ अर्धा गुणिले ए टीवर्ग, ए म्हणजे त्वरण. सूत्रातला तो अर्धा कुठून आला, असं मला कुणी विचारलं की मी फक्त त्रिकोणाकडे बोट दाखवते.

इथे एक इशारा, आणि तो मनापासून. ही तीन सूत्रं त्वरण बदलत नसेल तेव्हाच चालतात. स्प्रिंगला टांगलेलं वजन, पॅराशूट, लोलक, रॉकेट, यांतल्या कशालाच ती लागू नाहीत. मुलं ती सगळीकडे वापरतात कारण ती पाठ असतात. गणित हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारा : त्वरण स्थिर आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर सूत्रांची वही मिटा आणि डीव्ही बाय डीटी पासून सुरू करा.

पाचवी पायरी : नियम थोडेच आहेत

पीयूसीच्या फिजिक्सला एवढं येत असेल तर बहुतेक काम निभतं : एक्सचा कुठलाही घात, साइन, कोसाइन, ई चा एक्सवा घात आणि नॅचरल लॉग, यांचे डेरिव्हेटिव्ह. शिवाय गुणाकाराचा नियम, साखळी नियम, आणि याच पाच गोष्टींचं उलट इंटिग्रेशन. रोज संध्याकाळी वीस मिनिटं दिली तर तीन आठवडे पुरतात. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकाच्या काही आवृत्त्यांत गतीच्या धड्याला जोडून कॅल्क्युलसचं छोटं परिशिष्ट आहे. ते बहुतेक जण उलटून पुढे जातात. ते आधी वाचा. इंटिग्रेशनच्या अवघड युक्त्या बारावीच्या गणितासाठी ठेवा, फिजिक्स त्यांच्यासाठी अडून राहत नाही.

सहावी पायरी : पातळ काप काढायला शिका

गणिताच्या तासाला फंक्शन आयतं दिलेलं असतं. फिजिक्समध्ये ते आपण तयार करायचं असतं आणि खरं कौशल्य तिथेच आहे. त्याची एकच युक्ती : जे बदलतंय, त्याचा इतका पातळ काप काढायचा की त्या कापात ते बदलत नाही असं धरता येईल.

राकसकोपच्या जलाशयातून बेळगाव शहराला पाणी येतं. अशा कुठल्याही बांधाची उभी भिंत डोळ्यांसमोर आणा. पाणी १० मीटर खोल, भिंतीची फक्त १ मीटर रुंदी बघू. पाणी भिंतीवर किती जोर लावतं? दाब खोलीबरोबर वाढतो, वर शून्य, तळाशी सर्वांत जास्त. मग कुठला दाब घ्यायचा? भिंतीवर आडवी, अगदी अरुंद पट्टी काढा, खोली एच, पट्टीची उंची डीएच. एवढ्या अरुंद पट्टीवर दाब एकच. जोर म्हणजे दाब गुणिले पट्टीचं क्षेत्रफळ. वरपासून खालपर्यंत सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली की येतं : अर्धा गुणिले पाण्याची घनता गुणिले जी (गुरुत्वत्वरण, इथे ९.८) गुणिले खोलीचा वर्ग. आकडे घाला, ४,९०,००० न्यूटन. म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटरवर साधारण ५० टन वजनाइतका रेटा. पाणी २० मीटर झालं तर रेटा दुप्पट न होता चौपट होतो, २०० टन.

हुशार मुलगा इथे म्हणतो, ‘बाई, सरासरी दाब घेतला तरी हेच उत्तर येतंय की.’ बरोबर आहे, कारण दाब सरळ रेषेत वाढतो. पण पुढचा प्रश्न विचारा : हा रेटा भिंतीला पायथ्यातून किती जोरानं उलटवू बघतो? आता प्रत्येक पट्टीचा जोर तिच्या पायथ्यापासूनच्या उंचीनं गुणावा लागतो आणि नुसती सरासरी अपुरी पडते. पट्ट्यांची बेरीज केली तर उत्तर खोलीच्या घनावर जातं. खोली दुप्पट, उलटवण्याचा जोर आठपट. धरणाची भिंत खाली इतकी रुंद का बांधतात ते या एका बेरजेतून कळतं. कापावर जोर, कापाचं वस्तुमान, कापावरचा विद्युतभार, नाव बदलतं, रीत हीच राहते. जडत्व आघूर्ण (मोमेंट ऑफ इनर्शिया), वस्तुमान केंद्र, तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र, सगळीकडे.

सातवी पायरी : चहा निवताना बघा

आतापर्यंत बदलाचा दर वेळेवर किंवा जागेवर अवलंबून होता. निसर्गात खूपदा तो त्या वस्तूच्या स्वतःच्याच स्थितीवर अवलंबून असतो. तिथे कॅल्क्युलसशिवाय बोलताच येत नाही, आणि हा प्रयोग घरी होतो.

स्टीलच्या पेल्यात चहा ओता, त्यात लॅबचा थर्मामीटर ठेवा, पंखा बंद करा. माझ्या वहीतलं एक वाचन देते. खोलीचं तापमान २४ अंश. चहा सुरुवातीला ८० अंश, मग दर पाच मिनिटांनी ६८, ५९, ५२, ४६.

पहिल्या पाच मिनिटांत १२ अंश उतरला, मग ९, मग ७, मग ६. नुसत्या उतारात काही सूत्र दिसत नाही. आता चहा खोलीपेक्षा किती जास्त गरम आहे तो फरक लिहा : ५६, ४४, ३५, २८, २२. प्रत्येक उताराला त्या पाच मिनिटांतल्या सरासरी फरकानं भागा. १२ ला ५० नं, ९ ला ३९.५ नं, ७ ला ३१.५ नं, ६ ला २५ नं. उत्तरं ०.२४, ०.२३, ०.२२, ०.२४. जवळपास एकच! हा आकडा पहिल्यांदा स्वतःच्या वहीत जुळतो तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. तापमान उतरण्याचा दर फरकाच्या प्रमाणात आहे, असं आता ती पुस्तक न उघडता म्हणू शकतात. चिन्हांत लिहायचं तर डीटी बाय डी वेळ बरोबर उणे के गुणिले फरक, इथला टी तापमानाचा. न्यूटनचा शीतनाचा नियम तो हाच, फरक फार मोठा नसताना चांगला लागू पडतो.

आणखी एक बघा. फरक ५६ वरून २८ वर यायला पंधरा मिनिटं लागली. १४ वर यायला आणखी पंधरा लागतील. दर ठरावीक वेळेला निम्मं होत जाणं, ही ई च्या घाताची चाल. किरणोत्सारी पदार्थ असाच क्षीण होतो, कपॅसिटर रेझिस्टरमधून असाच रिकामा होतो. एक समीकरण नीट समजलं की तीन धडे ओळखीचे होतात. उणे चिन्ह विसरू नका. ते गाळलं तर कागदावरचा चहा आपोआप उकळायला लागेल.

आठवी पायरी : बोला, वाद घाला

फिजिक्स एकट्यानं वाचून येत नाही, बोलावं लागतं. चौघांचा गट करा, आठवड्यातून एकदा बसा. नियम एकच ठेवा : ज्याला शंका आहे त्यानं आधी चिन्हांशिवाय बोलायचं. काय बदलतंय, कशाबरोबर बदलतंय, दर किती, एकूण किती. ते स्पष्ट झाल्यावरच समीकरण. आणि ज्यानं समीकरण लिहिलं, त्यानं प्रत्येक पदाचं एकक आणि प्रत्येक चिन्हाचा अर्थ मोठ्यानं सांगायचा. ‘सूत्र आहे म्हणून’ हे उत्तर आमच्याकडे चालत नाही.

यात दोन्ही बाजूंची गरज का आहे, ते विद्युतचुंबकत्वाच्या इतिहासातून उत्तम कळतं. मायकेल फॅरेडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करून पुढे आलेला माणूस, औपचारिक गणित जवळपास नाहीच. १८३१ मध्ये त्यानं बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते हे दाखवलं, तेही बलरेषांची चित्रं मनात धरून. जेम्स क्लर्क मॅक्सवेलनं त्या चित्रांना कॅल्क्युलसची भाषा दिली. १८५७ मध्ये फॅरेडेनं मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं होतं की गणितज्ञ आपले निष्कर्ष साध्या भाषेतही तितक्याच पूर्णपणे मांडू शकणार नाहीत का. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी : १८६५ च्या मॅक्सवेलच्या लेखात समीकरणांतूनच लाटा निघाल्या, त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळला, आणि प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट आहे हे समोर आलं. नुसत्या चित्रांतून तो आकडा निघाला नसता. तुमच्या गटात एक जण चित्र काढणारा आणि एक जण समीकरण लिहिणारा हवा, आणि दोघांनी दर आठवड्याला जागा बदलायच्या.

कॅल्क्युलस कुठे नको तेही ठरवा. घसरगुंडीवरून आलेल्या मुलाचा तळाचा वेग काढायला, घर्षण सोडलं तर, ऊर्जेची अक्षय्यता दोन ओळींत उत्तर देते. तिथे त्वरणाचं इंटिग्रेशन करत बसणं म्हणजे हाताशी विहीर असताना नदीला जाणं. गॅलिलिओनंही पडत्या वस्तूचा नियम कॅल्क्युलसशिवायच मांडला : सारख्या वेळांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात. गोकाकच्या थेंबाचे आकडे घेऊन तपासा, ५, १५, २५ मीटर येतात.

गटाच्या पहिल्या बैठकीसाठी मी नेहमी एकच प्रश्न देते, माझ्या आज्जाचा. आमच्या शेतात जुनी विहीर आहे. उन्हाळ्यात आज्जा म्हणायचा, ‘दगड सोड बघू, आवाज यायला किती वेळ लागतोय मोज, पाणी किती खाली गेलंय कळतंय.’ तो मनात अंक मोजायचा, आम्ही आता मोबाइलचं स्टॉपवॉच लावतो. समजा २ सेकंद आले. जी ९.८ धरून खोली १९.६ मीटर. पण आवाजाला वर यायलाही वेळ लागतो, सेकंदाला ३४० मीटरच्या हिशेबानं सुमारे ०.०५५ सेकंद. तेवढा वेळ दगड पडत नव्हता. मग खोलीत चूक किती?

सगळं गणित पुन्हा करायची गरज नाही. वेळेत थोडी चूक झाली तर खोलीत किती होईल, हा डेरिव्हेटिव्हचाच प्रश्न आहे. खोलीचा वेळेनुसार डेरिव्हेटिव्ह म्हणजे दगडाचा त्या क्षणाचा वेग, सेकंदाला सुमारे २० मीटर. २० गुणिले ०.०५५, म्हणजे १.१ मीटर. पाणी साधारण साडेअठरा मीटरवर आहे. आणि स्टॉपवॉचचं बटण दाबायला ०.१ सेकंद इकडेतिकडे झालं तर त्यातच २ मीटरचा फरक, आवाजाच्या चुकीपेक्षाही जास्त. म्हणून दगड एकदा टाकून थांबायचं नाही. दहा वेळा टाकायचा, सरासरी घ्यायची, आणि मग दोर आणि बादली सोडून खोली मोजून बघायची.